इस्त्रीकाकूंचा मूळ कागद

१

"काकू, ही झेरॉक्सच आहे," मी म्हणालो.

इस्त्रीकाकूंना वाटलं मी चेष्टा करतोय. माझी ख्यातीच तशी आहे. "मग मी काय भाजी घ्यायला आलेय? झेरॉक्सच काढायची आहे. काढ की."

"तसं नाही. तुम्ही आणलेला कागदच झेरॉक्स आहे. मूळ कागद नाही हा."

काउंटरवर त्यांची पत्र्याची पेटी उघडी होती, तिची किल्ली कायम काकूंच्या गळ्यात. शर्टाच्या घडीत घालतात तसले दोन पुठ्ठे आणि त्यांच्या मधे चष्म्याच्या दुकानाचं खरेदीखत. छोटं दुकान, त्यामुळे एकाच पानाचं. जांभळ्या शिक्क्यासकट रंगीत. लांबून बघाल तर अस्सल. पण मी दिवसाला चारशे कागद हाताळतो. जुन्या टाईपरायटरच्या कागदावर पाठीमागून बोट फिरवलं की अक्षरं टोचतात. इथे पाठ गुळगुळीत होती. नखाने एक अक्षर खरवडलं तर काळी पूड निघाली.

काकू स्टुलावर बसल्या. 

गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी चष्मेवाल्या भाऊंना काचा घासायचं नवीन मशीन घ्यायचं होतं. काकूंनी तीस वर्षं कपड्यांना इस्त्री करून साठवलेली सगळी पुंजी त्यांना दिली. भाऊंनी दुकानाचा मूळ कागद काकूंच्या हातात ठेवला. "हा तुमच्याकडे. पैसे फिटले की परत द्या." नोंदणी नाही, चिठ्ठी नाही. या जूनच्या बारा तारखेला भाऊ छातीच्या दुखण्याने गेले. आणि काल, ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, त्यांच्या बायकोला नोटीस आली. प्लायवूडवाले शेठ म्हणतात, भाऊंनी मार्चमध्ये हेच दुकान माझ्याकडे गहाण टाकलं, गहाणखत नोंदवलेलं आहे, मूळ कागदही माझ्याकडे आहे, आता दुकान विकून माझे पैसे घेणार.

"माझ्याकडे मूळ कागद आहे म्हणून मी बिनघोर होते रे," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी हळू, "म्हणजे भाऊंनी मला पहिल्यापासून नकलीच दिला होता का?"

पुंजी गेली हे नंतर. आधी हा प्रश्न. काकू अशा आहेत.

त्या कागदावर मला आणखी एक गोष्ट दिसली होती. ती मी त्या दिवशी बोललो नाही. भ्यालो, खरं सांगायचं तर.

२

माझ्या दुकानाबाहेर नक्कलबाईंचं टेबल असतं. पस्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात लोकांच्या दस्तांच्या नकला हाताने लिहिल्या, म्हणून हे नाव. आता निवृत्त. लोकांचे अर्ज लिहून देतात. मी मशीनने तीन सेकंदांत काढतो ते त्या तासभर लिहायच्या, पण मला कागदातलं काही कळत नाही आणि त्यांना सगळं कळतं. मी त्यांना मानतो. त्या मला "बटण दाबणारा" म्हणतात.

त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला.

"पैसे देताना काही लिहून घेतलं होतं?"

"नाही," काकू म्हणाल्या. त्यांची मान खाली.

"बरं झालं."

काकूंनी मान वर केली.

"तारणाचा करार कागदावर केला असता तर तो नोंदवावा लागला असता. न नोंदवलेला करार पुढे केला की समोरचा वकील तिथेच पकडतो. पण पैसे घेतले आणि तारण म्हणून मूळ कागद हातात ठेवला, तर तेवढ्यानेही तारण होतं. नोंदणी नसली तरी. आणि तुमचं आधीचं, शेठचं नंतरचं. शेठला तुमचं माहीत असताना त्याने पैसे दिले असतील तर त्याचा नंबर तुमच्या मागे."

"मग झालंच की," मी म्हणालो.

"काय झालं? मूळ कागद हातात होता हे दाखवायला मूळ कागद नको? आणि शेठला माहीत होतं हे कोण सांगणार, तू?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चल. मशीन बंद कर. संशय घ्यावा अशी तीन घरं फिरायची आहेत."

पहिला जावई. काकूंच्या मुलीचा नवरा, टेम्पो चालवतो. बॉनेटमध्ये डोकं घालूनच बोलला. "पेटीला मी हात लावला नाही. लावला असता तर आधी नोटा शोधल्या असत्या. टेम्पोला इंजिन हवं होतं तेव्हा सासूबाईंकडे पैसे नव्हते. चष्मेवाल्याला मशीन हवं तर लगेच निघाले. राग आहे मला, का नसावा? जुलै महिनाभर गाडी परगावी होती, त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आलो नाही, तर अजून टोमणे चालू आहेत. कुणीतरी होतंच ना सोबत. मेल्या का त्या?"

"नाही मेल्या," नक्कलबाई म्हणाल्या. "एका डोळ्याने तुम्हाला स्पष्ट बघताहेत."

दुसऱ्या, भाऊंच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी. चष्म्याच्या दुकानात बसल्या होत्या, भिंतीवर शंभर रिकाम्या फ्रेमा. आम्ही नोटीस मागितली तर त्यांनी खणातून एक्स-रेचं मोठं तपकिरी पाकीट काढलं. भाऊंच्या छातीचे फोटो, दवाखान्याची बिलं, नोटीस, सगळं त्यातच. "यांचे व्यवहार मला कधी कळले नाहीत," त्या म्हणाल्या. "काकूंचं नुकसान होऊ नये एवढंच वाटतं." हे म्हणताना त्या एक स्वच्छ काच पुसत होत्या. आम्ही निघालो तेव्हाही तीच काच पुसत होत्या.

तिसरे शेठ. गोदामात लाकडाच्या भुशाचा वास, टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडर. माणूस गोड बोलणारा. "अहो, मला त्या इस्त्रीवाल्या बाईंचं दुःखच आहे. पण भाऊंनी मार्चमध्ये, नोंदणीच्या दिवशीच, शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून या हातात दिला. बाईंचं नावही माझ्या कानावर आलं नव्हतं. आता मेलेल्या माणसाबद्दल वाईट कसं बोलू?"

"नका बोलू," नक्कलबाई म्हणाल्या. "त्यांना उत्तर देता येत नाही."

३

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"बाई, त्या कागदाच्या डाव्या कडेला एक बारीक पिवळी रेघ आहे."

"बघितली."

"ती माझ्या मशीनची आहे."

नक्कलबाईंनी चष्मा काढला. मी माझं रंगीत मशीन दाखवलं. सेकंडहँड घेतलंय, प्रत्येक कागदावर डावीकडे केसाएवढी पिवळी रेघ येते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, मी मार्जिन समजा म्हणतो.

"म्हणजे ती नक्कल मीच काढलीये. माझ्या दुकानाचं नाव जाईल म्हणून काल बोललो नाही."

मला वाटलं आता झापतील. त्यांनी फक्त विचारलं, "मशीन कधी घेतलंस?"

"मे महिन्यात."

"मग दोन वर्षांपूर्वी भाऊंनी ही नक्कल दिली कशी?"

 एवढी सोपी गोष्ट आणि मी रात्रभर नुसता कुशीवर वळत होतो.

"पण बाई, भाऊ जूनपर्यंत होते. मे-जूनमध्ये त्यांनीच बदलला असेल तर?"

"तेच आता बघायचं. कोणी आलं होतं आठवतंय?"

नव्हतं आठवत. शाळांच्या दाखल्यांची झुंबड होती. मी माणसं बघत नाही, कागद बघतो.

"मग कागद आठव," त्या म्हणाल्या आणि काकूंच्या दुकानाकडे चालायला लागल्या.

४

काकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर घोंगडं, वर चादर, कोळशाची जुनी इस्त्री आणि विजेची नवी. भिंतीला ओल. शर्टांच्या थप्प्या अशा की पट्टीने मोजून रचल्यात.

"कागद ठेवायचा कसा, ते करून दाखवा," नक्कलबाई म्हणाल्या.

काकूंनी पुठ्ठ्यांमधून ती नक्कल काढली, टेबलावर ठेवली, खालच्या खणातून एक मलमलचं कापड काढून तिच्यावर पसरलं आणि इस्त्रीकडे हात नेला.

"हे काय?"

"इस्त्री. दर महिन्याच्या एक तारखेला. भिंतीला ओल आहे ना, कागद पोक काढतो. माझ्याकडची वस्तू चुरगळलेली मला चालत नाही. भाऊंनी दिला तेव्हा घड्यांनी नुसता पापड झाला होता. दोन-तीन महिन्यांत सपाट केला."

मी हसलो. नक्कलबाई हसल्या नाहीत. त्यांनी कापड उचललं आणि जिन्याच्या खिडकीपाशी नेलं.

कापडाच्या खालच्या अंगाला अक्षरं होती. पुसट, काळी, उलटी, आरशात दिसावीत तशी. एकात एक गुंतलेली.

"बटण दाबणाऱ्या, हे काय ते सांग."

हे मला येत होतं. आयुष्यात एकदा. "झेरॉक्सची शाई म्हणजे शाई नसते. प्लास्टिकची पूड असते. मशीन ती गरम करून कागदाला चिकटवतं. पुन्हा गरम केली की थोडी सुटते आणि वर जे असेल त्याला लागते."

"आणि टाईपरायटरची? शिक्क्याची?"

"मूळ कागदावरची? ती तीस वर्षांपूर्वी सुकली. इस्त्रीने हलणार नाही."

"काकू, हे कापड किती दिवसांचं?"

"दोन वर्षं हेच. या कागदासाठी वेगळं ठेवलंय. धुवायचं नाही, कोरडंच लागतं."

"एखादा महिना चुकला?"

काकूंनी अशी नजर टाकली की प्रश्नच मागे घ्यावा.

"आणि हे काळं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं. मला वाचता कुठे येतंय? म्हटलं शाई जुनी झाली, सुटायला लागली. कागदही पांढरा वाटला. पण ऑपरेशन झाल्यापासून मला सगळंच पांढरं दिसतंय. जावईसुद्धा उजळलेला वाटला."

नक्कलबाईंनी अक्षरं सोडली आणि फक्त शिक्का शोधला. जांभळं वर्तुळ. एक इथे. दुसरं बोटभर खाली. तिसरं कडेला, अर्धं. चौथं नव्हतं. त्यांनी तीनदा बघितलं, मी पाच वेळा बघितलं.

"तीन वेळा इस्त्री," त्या म्हणाल्या. "एक ऑक्टोबर. एक सप्टेंबर. एक ऑगस्ट. एक जुलैला फिरली ती मूळ कागदावर. म्हणजे कागद बदलला जुलै महिन्यात."

मी बोटांवर मोजत होतो. काकूंचं आधी झालं. शाळेत न गेलेली बाई, पण लोकांचे कपडे आणि तारखा तोंडपाठ.

"भाऊ जूनमध्ये गेले," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे त्यांनी नाही फसवलं मला."

"मेलेला माणूस पेटी उघडत नाही, काकू."

काकूंनी पदराने डोळे पुसले. ऑपरेशन झालेला डोळा जपून, कडेकडेने. मी शर्टाच्या थप्पीकडे बघत राहिलो. असं कोर्टात सांगता येत नाही, पण माझ्यासाठी केस तिथेच अर्धी जिंकली होती.

नक्कलबाई मात्र तिथेच उभ्या होत्या. "काकू, जुलैत तुमचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात अंगावरची धातूची वस्तू काढायला लावतात. गळ्यातली किल्ली कुणाकडे दिलीत?"

काकूंनी एक शर्ट ओढला, कॉलर पसरली, इस्त्री टेकवली.

"आठवत नाही."

इस्त्री हलली नाही. करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत काकूंच्या हातून पहिली कॉलर जळली.

५

"आता बोल," रस्त्यावर आल्यावर नक्कलबाई म्हणाल्या. "कुणाला दिली?"

"त्यांना आठवत नाही म्हणाल्या ना."

"तुझ्या निळ्या शर्टाचं तिसरं बटण कधी तुटलं ते तिला आठवतं. तीन महिन्यांपूर्वीची किल्ली आठवत नाही? जावयाला दिली असती तर शिव्यांसकट नाव आलं असतं, आणि तो तर गावातच नव्हता. शेठला ती ओळखत नाही. जिच्यावर संशय येऊ नये असं तिला वाटतं, तिलाच दिली."

आणि मला तो कागद आठवला. माणूस नाही, कागदच. जुलैची दुपार, काउंटरवर गर्दी, आणि एवढा जुना कागद एकदम सपाट कसा म्हणून मी क्षणभर थबकलो होतो. तो कागद घडी न घालता आणलेला होता. एक्स-रेच्या तपकिरी पाकिटातून.

नक्कलबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चष्म्याच्या दुकानाकडे वळल्या.

वहिनींनी नाकारलं नाही. नक्कलबाईंनी नुसती किल्ली म्हटलं, आणि त्यांच्या हातातली काच खाली ठेवली गेली.

"शेठ आले होते. हे गेल्यावर तीन आठवड्यांनी. म्हणाले, मूळ कागद माझ्याकडे आला की दुकान मी विकणार नाही, तुम्हालाच भाड्याने चालवायला देईन. नाहीतर ती इस्त्रीवाली विकायला लावेल. पेटी रिकामी ठेवू नका, रंगीत नक्कल ठेवा, तिला वाचता येत नाही." त्या भिंतीवरच्या फ्रेमांकडे बघत होत्या. "काकू पट्टी बांधून पडल्या होत्या. मी त्यांना पाणी पाजत होते. किल्ली माझ्या मुठीत होती. त्या म्हणत होत्या, तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

वहिनींनी खणातलं तपकिरी पाकीट आमच्यापुढे सरकवलं.

"आणि परवा नोटीस आली. दुकान विकणार म्हणून."

"वहिनी," नक्कलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मार्चमध्ये शेठ पैसे द्यायला आले तेव्हा तुम्ही दुकानात होतात?"

"होते. चहा मीच दिला."

"मूळ कागदाचं काही बोलणं झालं?"

वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली. "झालं. शेठनी मागितला. हे म्हणाले, तो इस्त्रीकाकूंकडे तारण आहे. शेठ हसले. म्हणाले, नोंदणी केलीय का? नाही ना? मग चालेल."

काकूंचा हक्क वाचवणारी एकच साक्ष होती, आणि ती चोराकडे होती.

"हे कोर्टात सांगायचं तर किल्लीचंही सांगावं लागेल," नक्कलबाई म्हणाल्या. "मी जबरदस्ती करणार नाही. विचार करा."

"विचार तेव्हा करायला हवा होता," वहिनी म्हणाल्या, आणि दुकानाचं शटर ओढायला उठल्या.

६

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गोदामात. काकूंना वहिनींनी आधीच सगळं सांगितलं होतं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. येताना दोघी एकाच रिक्षात होत्या, एवढं बघितलं.

शेठनी ऐटीत मूळ कागद काढला आणि काचेवर ठेवला. "हा बघा. मार्चपासून माझ्याकडे."

नक्कलबाईंनी त्याच्यावर तळहात फिरवला. "खिशातून चार घड्या घालून दिला होता ना?"

"हो."

"मग घड्या कुठे गेल्या? तुमच्याकडे कागदांना इस्त्री करतात का?"

शेठनी कागदाकडे असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघताहेत. कागद ताज्या कॉलरसारखा सपाट पडला होता.

"खोटं बोलताना घडी घालू नये, शेठ. उकलते." मग त्यांनी मलमलचं कापड पसरलं, तीन वर्तुळं दाखवली, मे महिन्यातलं माझं मशीन सांगितलं, जुलै सांगितला.

शेठ सावरले. माणूस कच्चा नव्हता. "ठीक आहे. कागद जुलैत आला समजा. पण मार्चमध्ये मला या बाईंचं काही माहीत नव्हतं. मी नोंदणी केली, नियमाने वागलो. नंतर कुणी चोरी केली असेल तर त्याचं त्याने बघावं."

"मार्चमध्ये मूळ कागद मागितलाच नाही? एवढे पैसे दिलेत आणि विचारलं नाही? न विचारणाऱ्यालाही माहीत होतं, असंच कोर्ट धरतं. तुम्ही विचारायला हवं होतं."

"आणि शेठनी विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या. चहापासून "मग चालेल" पर्यंत सगळं सांगितलं.

"म्हणजे चोरी तुम्ही केलीत, हे कबूल करताय?" शेठ म्हणाले.

"करतेय. लिहून देते. कुणासाठी केली तेही लिहिते."

शेठनी मूळ कागद स्वतःकडे ओढला.

नक्कलबाई शांतपणे म्हणाल्या, "जुलैत तुम्ही गप्प बसला असतात, तर काकूंना पुरावा शोधताना नाकी नऊ आले असते. तुम्ही कागद पळवलात, आणि तो काकूंकडे होता हे तुम्हाला ठाऊक असल्याचा पुरावा स्वतःच उभा केलात. तुमचे पैसे बुडत नाहीत. फक्त नंबर दुसरा."

तासाभराने शेठनी मूळ कागद परत दिला. काकूंचा हक्क पहिला आणि आपला त्यानंतरचा, असं लिहून सही केली. मी त्याची झेरॉक्स काढली. काळी-पांढरी, बिनरेघेची.

बाहेर आल्यावर मी काकूंना विचारलं, "आता दुकान विकायला लावणार?"

"मला लावता येतं?"

"तुम्हाला दुकानात जाऊन बसता येणार नाही," नक्कलबाई म्हणाल्या. "पण हप्ते थकले तर कोर्टात जाऊन विक्री मागता येते. त्यातून आधी तुमचे पैसे, मग शेठचे."

काकूंनी वहिनींकडे बघितलं. "काचा घासता येतात ना तुला?"

"यांनी शिकवलंय."

"मग घास. महिन्याला जमेल तेवढं दे. शेठचंही त्यातूनच फेड, कटकट नको. कागद माझ्याकडे राहील." आणि मग, "या वेळी नोंदणी पण करू. बाई, तुमच्या अक्षरात लिहा."

नक्कलबाईंनी नुसती मान हलवली. त्यांचा चष्मा भाऊंच्या दुकानातला होता, तो त्यांनी काढून उगाचच पुसला.

डिसेंबरमध्ये काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वेळी जावई आला होता. टोमण्यांना कंटाळून आला असेल, पण आला. मी आणि नक्कलबाईही होतो. नर्स म्हणाली, अंगावरचं धातूचं काय असेल ते काढून ठेवा.

काकूंनी गळ्यातली दोरी काढली. किल्ली लोंबत होती. जावयाने हात पुढे केला.

काकूंनी तो हात बाजूला सारला आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वहिनींना जवळ बोलावलं. किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

"एक तारीख परवा आहे," त्या म्हणाल्या. "माझी पट्टी असेल. कागदाला इस्त्री तू कर. कापड खालच्या खणात आहे."